मुंबईच्या कुलाब्यात बनलेल्या सागवानी होडीसाठी जगप्रसिद्ध खलाशाने आपली रेसिंग यॉट विकायला काढली

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच झाड सारखं दिसत राहतं. साग. पान सुपाएवढं, आणि कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालेलाल. मेळघाटात फिरायला गेलेल्या प्रत्येक पोराने हा उद्योग एकदा तरी केलेला असतो. खाली परतवाड्यात याच लाकडाचा बाजार भरतो. अचलपूर, अमरावती, अकोल्याच्या जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दारं बघा, सगळीकडे हाच साग.

समुद्र मात्र इथून लांब. मुंबई गाठायची तर रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे यॉट, शीड, खलाशी असा विषय काढला की चिखलदऱ्याचा माणूस विचारणारच, "काऊन भाऊ, समुद्राचं आमाले काय करा लागते?"

करायचं आहे, कारण ही गोष्ट खरंतर सागाची आहे. एका माणसाकडे दोन होड्या होत्या. एक कार्बन फायबरची, शर्यतीसाठी बनवलेली, वाऱ्यासारखी पळणारी. दुसरी मुंबईत सुतारांनी हाताने तासलेली, पन्नाशीला आलेली, गंजलेल्या खिळ्यांची. त्याने पहिली विकायला काढली आणि दुसरी दुरुस्त करायला घेतली.

वरवर बघता हा निव्वळ म्हातारपणीचा हळवेपणा वाटतो. पण त्यामागचं लाकडाचं आणि लोखंडाचं गणित समजलं की निर्णय बराच व्यवहारी वाटायला लागतो.

माणूस कोण?

सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. जन्म १९३९ चा, इंग्लंडमधला. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परत आला. ३१२ दिवस. 'संडे टाइम्स'च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊजण उतरले होते, शेवटपर्यंत पोचला हा एकटा. बक्षिसाचे ५ हजार पौंड मिळाले, तेही त्याने ठेवले नाहीत. याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाच्या स्पर्धकाच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पुढे १९९४ मध्ये पीटर ब्लेकसोबत त्याने 'एन्झा' नावाच्या मोठ्या आधुनिक होडीतून पुन्हा जगाला चक्कर मारली. वेळ लागला ७४ दिवस आणि २२ तास. १९९५ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. म्हणजे नवं तंत्रज्ञान न झेपणारा, जुन्याला कवटाळून बसलेला हा गडी नव्हे. नव्या होड्यांनी त्याला काय दिलं, हे त्याच्याइतकं कमी लोकांना ठाऊक असेल.

विकायला काढलेली होडी

त्याची आधुनिक यॉट होती 'ग्रे पॉवर'. जातीने 'ओपन ६०', म्हणजे साठ फुटी, एकट्या खलाशाने जगभर पळवायची रेसिंग होडी. १९९८ च्या सुमाराची बांधणी. आधी तिचं नाव 'फिला' होतं आणि इटलीच्या जियोव्हानी सोल्दिनीने तिच्यावर १९९८-९९ ची 'अराउंड अलोन' ही जागतिक शर्यत जिंकली होती. २००६ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने ती घेतली, प्रायोजकाच्या नावावरून 'सागा इन्शुरन्स' असं बारसं केलं आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी 'व्हेलक्स ५ ओशन्स' शर्यत पूर्ण केली. मग ती 'ग्रे पॉवर' झाली. २०१४ मध्ये, पंच्याहत्तराव्या वर्षी, हा बाबा याच होडीतून फ्रान्सहून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जाणारी 'रूत द्यू रम' शर्यत खेळला आणि आपल्या गटात तिसरा आला.

त्यानंतर त्याने होडी विक्रीला काढली.

रेसिंग यॉटचं अर्थकारण मजेशीर असतं. साधी गाडी जुनी झाली तरी ती गाडी राहते, बाजारहाट करायला चालते. शर्यतीची होडी जुनी झाली की तिचा मुख्य उपयोगच जातो. २०१६ च्या 'वॉन्दे ग्लोब' शर्यतीत पाण्याबाहेर उचलून धरणारे पंख लावलेल्या होड्या आल्या आणि आधीच्या पिढीच्या होड्या पहिल्या नंबरच्या लढतीतून बाहेर पडल्या. त्या खराब झाल्या नव्हत्या, त्यांचं डिझाईन मागे पडलं होतं. दरम्यान खर्च काही थांबत नाही. बंदरातली जागा, विमा, शिडांचा नवा संच, डोलकाठीची आणि तिला ताणून धरणाऱ्या तारांची तपासणी. साठ फुटी होडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती, काम असो नसो, चारा लागतोच.

जुनी यॉट विकणं हाही एक सोपस्कारच. घेणारा आपला तपासनीस आणतो. होडी पाण्याबाहेर काढली जाते. तपासनीस लहान हातोडीने तळाला ठकठक करत फिरतो आणि आवाजावरून ठरवतो की आत थर सुटलेत का, पाणी मुरलंय का. टरबूज घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. मग मालकीचे कागद, कराच्या पावत्या, तारा शेवटच्या कधी बदलल्या याची नोंद. यातला एक कागद कमी पडला तरी भाव खाली येतो.

तर एकीकडे ही अशी, आणि दुसरीकडे 'सुहैली'.

कुलाब्यात तासलेली होडी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर नोकरीला होता. मुंबईत मुक्काम असायचा. त्याने ठरवलं, इथेच होडी बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच घरी इंग्लंडला जायचं.

त्याने इंग्लंडहून आराखडा मागवला. आला तो त्याला हवा असलेला नव्हता. तो होता 'एरिक' नावाचा, १९२० च्या दशकातला, विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाचा. त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बनवलेल्या बचाव-होड्यांमध्ये. पुढून टोकदार, मागूनही टोकदार, पोट भरलेलं, वेग बेताचा. त्या काळातही ती जुनाट समजली जायची. पण दुसरा आराखडा मागवायला वेळ नव्हता, म्हणून हाच घेतला.

कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये काम सुरू झालं. लाकूड सागाचं. हत्यारं म्हणजे वाकस आणि धनुष्यासारख्या दोरीने फिरवायचं गिरमिट. यंत्र जवळपास नाहीच. डेकची लांबी ३२ फूट, साधारण पावणेदहा मीटर. १९६४ मध्ये होडी पाण्यात उतरली. नाव ठेवलं सुहैली, इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला म्हणतात ते. (अरबीत सुहैल हा ताराही आहे, आणि तो म्हणजे आपला अगस्त्य. ज्याने समुद्र पिऊन टाकला, तोच.)

१९६५ च्या डिसेंबरात भाऊ आणि एक मित्र सोबत घेऊन त्याने मुंबई सोडली. वाटेत दक्षिण आफ्रिकेत थांबून, नोकरी करून पैसे जमवले आणि १९६७ मध्ये इंग्लंड गाठलं.

आता यातला खरा गमतीचा भाग. एकट्याने जगप्रदक्षिणा करायचं डोक्यात आलं तेव्हा त्याला सुहैली नकोच होती. त्याला नवी, मोठी, पोलादी होडी हवी होती. कॉलिन म्युडी या आरेखकाकडून डिझाईनही तयार होतं. पैशासाठी सुहैली विकायला काढली. ती विकली गेली नाही. प्रायोजकही मिळेनात. शेवटी हातात होती तीच घेऊन निघाला.

म्हणजे १९६७ मध्ये नवी होडी घेण्यासाठी जुनी विकायची होती, ते जमलं नाही म्हणून इतिहास घडला. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी व्यवहार बरोबर उलटा झाला.

प्रवास सुखाचा होता असं मुळीच नाही. अटलांटिकमध्येच सुहैली गळायला लागली. डोलकाठीच्या खाली, दोन्ही बाजूंना फळ्यांमधल्या फटी उघडल्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला. गोरी कातडी शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद शर्ट आणि पँट घातली. श्वास रोखून खाली जायचं, फटीत कापूस ठासायचा, वर यायचं. मग त्यावर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. मधेच एक शार्क घिरट्या घालायला लागला, त्याला बंदुकीने मारावं लागलं.

हा प्रसंग पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवायचा. भर समुद्रात, एकटा माणूस, हातोडी आणि कापूस घेऊन होडीचा तळ दुरुस्त करू शकला. कारण होडी लाकडाची होती.

काचेच्या कपाटात होडी सुकते

त्यानंतरही सुहैली बसून राहिली नाही. १९८९ मध्ये कोलंबसच्या मार्गाने, जुन्या काळच्या अ‍ॅस्ट्रोलेबवर दिशा शोधत तिने अटलांटिक ओलांडला. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनला घेऊन ग्रीनलंडला गेली. मग नव्वदच्या दशकात तिचा सन्मान झाला. लंडनजवळ ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात तिला छपराखाली ठेवण्यात आलं. कोरडी हवा, नियंत्रित तापमान, लोकांची गर्दी.

आणि तिथे ती खराब व्हायला लागली.

हे ऐकायला विचित्र वाटतं. समुद्रात तीस वर्षं काढलेली होडी छपराखाली कशी बिघडेल? पण बैलगाडीचं चाक पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. उन्हाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की लाकूड सुकतं, आक्रसतं, आरे खिळखिळे होतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. मग चाक पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं आणि सगळं पुन्हा घट्ट बसतं.

लाकडी होडीचं सगळं गणित या फुगण्यावर उभं आहे. दोन फळ्यांच्या मधे फट ठेवलेलीच असते. त्यात कापूस ठासतात, वरून लांबी भरतात. होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, कापूस दाबला जातो आणि फट बंद होते. जास्त दिवस पाण्याबाहेर राहिलेली लाकडी होडी पाण्यात सोडली तर पहिले काही दिवस ती गळतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वर्षानुवर्षं कोरड्या हवेत ठेवली तर फळ्या इतक्या आक्रसतात की त्या वाकतात, तडकतात. तेव्हा पाण्यात सोडूनही उपयोग होत नाही.

नॉक्स-जॉन्स्टनने २००२ मध्ये सुहैली संग्रहालयातून बाहेर काढली, दुरुस्त केली आणि पाण्यात घातली. जपून ठेवायचं म्हणजे वापरायचं नाही, हा समज निदान लाकडाच्या बाबतीत चुकीचा आहे. गावाकडची कुलूपबंद घरं आठवा. राहतं घर टिकतं, बंद घर पडतं.

आजार फळीचा नाही, खिळ्याचा

तरी मोठं दुखणं बाकीच होतं. साग ठणठणीत होता, त्याला जोडणारं लोखंड म्हातारं झालं होतं.

यामागे थोडं रसायनशास्त्र आहे. ओक लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्याला खातं, आणि गंजलेला खिळा भोवतीचं लाकूड कुजवतो. सागात नैसर्गिक तेल असतं. ते पाणी आत येऊ देत नाही, वाळवीला नकोसं वाटतं आणि लोखंडालाही सांभाळून घेतं. ब्रिटिश नौदलाला भारतीय सागाचं वेड लागलं त्यात हे एक मोठं कारण होतं. पण खारं पाणी शेवटी खारं पाणी. चाळीस-पन्नास वर्षांत तेही वाट काढतंच. खिळा बाहेरून शाबूत दिसतो आणि आत पेन्सिलीच्या शिशाएवढा उरलेला असतो.

यावर उपाय एकच, जुनं लोखंड काढायचं आणि ब्राँझ बसवायचं. वाचायला अर्धी ओळ, करायला कित्येक वर्षं. प्रत्येक खिळा फळीला इजा न करता उपटायचा. भोक साफ करायचं. नवा, किंचित जाड तुकडा बसवायचा. वर लाकडी डाट मारून सपाट करायचं. आणि हे करताना दोन वेगळे धातू पाण्याखाली जवळजवळ येणार नाहीत याची काळजी घ्यायची. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ब्राँझ एकत्र आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि बिचारं लोखंड विरघळत जातं. त्यामुळे 'यंदा निम्मे बदलू, निम्मे पुढच्या वर्षी' असंही चालत नाही.

नॉक्स-जॉन्स्टनने हे काम पैसे टाकून दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा बरंचसं स्वतः केलं. ग्रे पॉवर विक्रीला गेल्यावर सुहैलीवर सगळं लक्ष लागलं. १४ जून २०१८ ला, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, फालमथच्या खाडीत सुहैली पुन्हा शीड उभारून उतरली.

आता तुलना करा. फायबर किंवा कार्बनची होडी साच्यात ओतलेली असते. कापडासारखे थर, त्यावर रेझिन, आणि सगळा तळ एकसंध. फट नाही, खिळा नाही, गळती नाही, दरवर्षीचं कापूस ठासणं नाही. म्हणूनच जगभर आणि आपल्या कोकणातही मासेमारीच्या लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली. मच्छीमाराला दोष देण्यात अर्थ नाही. सागाचा भाव आणि सुताराची मजुरी पाहता त्याने केलं ते शहाणपणाचंच.

पण साच्यातल्या वस्तूला 'एक फळी बदलली' हा प्रकार नसतो. छोटी जखम भरता येते, मोठी दुखापत झाली तर कारखान्यातच न्यावी लागते. आणि आयुष्य संपलं की काय करायचं याचं नीट उत्तर अजून कुणाकडे नाही. काच आणि रेझिन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की वेगळे करून पुन्हा वापरणं महाग पडतं. फ्रान्समध्ये तर जुन्या होड्या मोडीत काढण्यासाठी २०१९ पासून वेगळी यंत्रणाच उभी करावी लागली. लाकडी होडी मात्र तुकड्यातुकड्यांनी बनते, म्हणून तुकड्यातुकड्यांनी वाचवता येते. फक्त ते तुकडे बसवणारा हात हवा.

गाविलगडचा पाहुणा आणि मुंबईची जहाजं

चिखलदऱ्याला गेलेला माणूस गाविलगड बघतोच. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. त्याच्या नावाचं ७४ तोफांचं जहाज 'एचएमएस वेलस्ली' १८१५ मध्ये पाण्यात उतरलं. कुठे? मुंबईच्या गोदीत. कशाचं? सागाचं. हा साग मेळघाटचा नव्हता. मुंबईच्या गोदीला साग यायचा तो मुख्यतः मलबारहून, समुद्रामार्गे. मेळघाटचा साग आपल्या वाड्यांत राहिला. पण झाड तेच.

वेलस्ली जहाज सव्वाशे वर्षं टिकलं. १९४० मध्ये टेम्स नदीत उभं असताना जर्मन विमानांच्या हल्ल्यात ते बुडालं. तेव्हाही त्याचं लाकूड इतकं चांगलं होतं की बॉम्बहल्ल्यात नुकसान झालेल्या लंडनच्या कोर्टाच्या इमारतीच्या दुरुस्तीत त्यातलं काही वापरलं गेलं.

याच गोदीतलं दुसरं जहाज जास्त नशीबवान निघालं. 'एचएमएस त्रिंकोमाली'. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेलं. त्याची गोष्टही अशीच आहे. व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत माणसाने अ‍ॅडमिरल नेल्सनचं जुनं जहाज 'फूद्रॉयां' भंगारात जाताना विकत घेतलं, भरपूर पैसे ओतून पूर्ववत केलं. १८९७ मध्ये वादळात ते किनाऱ्यावर आदळून फुटलं. दुसरा कुणी असता तर कानाला खडा लावला असता. कॉबने त्याच वर्षी त्रिंकोमाली घेतलं, मोडीत निघण्याच्या बेतात असलेलं.

पुढे १९८६ पर्यंत ते मुलांना दर्यावर्दीपण शिकवणारं जहाज म्हणून वापरात राहिलं. १९८७ मध्ये इंग्लंडच्या हार्टलपूल गावात आणलं गेलं. १९९० मध्ये सुरू झालेली दुरुस्ती २००१ मध्ये संपली आणि खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. गोदी आणि पोलादाचे कारखाने बंद पडून हातची कामं गेलेल्या त्या भागात या एका जहाजावर कारागिरांची तुकडी तयार झाली. आज पाण्यावर तरंगत असलेलं ब्रिटनचं सगळ्यात जुनं युद्धजहाज हेच. मुंबईकर सुतारांचं काम दोनशे वर्षांनी तिकीट काढून बघितलं जातं.

मग आज साग कुठून आणायचा?

जुनी होडी वाचवायला निघालेल्या माणसाची इथे खरी परीक्षा असते. यॉटच्या डेकसाठी जगात सगळ्यात मागणी म्यानमारच्या जंगली सागाला. सरळ रेषा, भरपूर तेल, ओल्या पायाला घसरत नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. लाकडाचा सरकारी व्यापार लष्कराच्या हातात गेला, म्हणून अमेरिका आणि युरोपीय संघाने त्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. तरी साग आडवाटेने येत राहिला. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका नामवंत यॉट कंपनीला लाकूड कायदेशीर आहे की नाही याची नीट खातरजमा न केल्याबद्दल कोर्टाने दंड ठोठावला, त्यात म्यानमारचा साग होता.

म्हणजे अब्जाधीशाची नवीकोरी यॉट जंगलातला साग तोडून सजते आणि पन्नास वर्षांची सुहैली आहे त्याच फळ्यांवर फिरते. जुनी होडी दुरुस्त करणं हा फक्त छंद नाही तो इथे.

लागवडीतला साग मिळतो, पण लवकर वाढवलेल्या झाडात तेल आणि घनता जुन्या झाडाइतकी भरत नाही. म्हणून जुन्या इमारतीतून निघालेल्या सागाला मागणी असते. एकदा वाळून, बसून, शंभर पावसाळे बघितलेलं लाकूड आता वाकत नाही की आक्रसत नाही. वऱ्हाडात वाडा पाडताना तुळया टेम्पोत भरून जातात आणि त्याच घरात प्लायवूडचं मॉड्युलर किचन येतं, तेव्हा त्या तुळया नेणाऱ्याला हे गणित पक्कं माहिती असतं. विकणाऱ्याला असतंच असं नाही.

मराठी माणूस यात कुठे?

बराच मध्यभागी. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहायचे. भारतीय माणसाने एकट्याने, भारतात बनलेल्या शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हे त्यांचं स्वप्न. नौदलातल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी ते उचललं. शिकायला ते कुणाकडे गेले? नॉक्स-जॉन्स्टनकडे. २००६ मध्ये त्याच्या व्हेलक्स शर्यतीच्या तयारीत दोंदेंनी हात काळे केले, म्हणजे ज्या होडीची पुढे ग्रे पॉवर झाली तिच्यावरच.

परत आल्यावर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. ५६ फुटी, आत लाकूड आणि बाहेर फायबर-इपॉक्सीचं आवरण, म्हणजे दोन्ही जगांचा मिलाफ. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार थांबे घेत दोंदेंनी प्रदक्षिणा पूर्ण केली, हे करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता जाऊन आले.

२०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा भरली तेव्हा टॉमींसाठी दांडेकरांच्या यार्डाने 'तुरीया' बांधली. ती होती सुहैलीचीच प्रतिकृती. मुंबईत जन्मलेल्या आकाराची होडी पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर बनली. पण सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. जुन्या डिझाईनला समुद्र माफी देतो असं काही नसतं.

गोव्यातल्या याच कारागिरीतून पुढे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' आलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेलं. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. फळ्या जोडायला खिळेच नाहीत, त्यामुळे खिळे गंजायचा प्रश्नच येत नाही.

आणि टॉमी? पाठीत टायटॅनियम घालून ते २०२२ मध्ये पुन्हा गोल्डन ग्लोबला उतरले. या शर्यतीचा नियमच असा की होडीचं डिझाईन १९८८ च्या आधीचं हवं, लांबी ३२ ते ३६ फूट, उपग्रहावरून दिशा बघायची नाही. त्यामुळे स्पर्धक आधी जुनी होडी शोधतात आणि मग महिनोन्‌महिने ती उघडून पुन्हा बांधतात. टॉमींनीही 'रसलर ३६' जातीची जुनी होडी घेतली, नाव ठेवलं 'बयानत'. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, ती फ्रान्सच्या ले साब्ल द'ओलोन बंदरात दुसऱ्या क्रमांकावर पोचली. सोळाजण निघाले होते, शर्यतीच्या नियमांत बसून शेवटपर्यंत पोचलेले तिघेच.